परमुलखातील नेत्रशिबिरे

जगात २०२० साली अंध असलेल्या माणसांची संख्या सुमारे ४ कोटी ३० लाख होती, असा अंदाज आहे. त्यांतील पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ दीड कोटी माणसांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे होते. मोतीबिंदू औषधाने जात नाही, पण शस्त्रक्रियेने जातो. ही शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, तिला पूर्ण भूल लागत नाही आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी दिसू लागते. तरीही अनेक देशांत माणसे वर्षानुवर्षे आंधळेपणात काढतात. नेत्रतज्ज्ञ असतात ते राजधानीत, रुग्ण असतो डोंगरापलीकडे. मधला प्रवास, सोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी आणि शस्त्रक्रियेची भीती यांपुढे घरचे लोक हात टेकतात. ही तूट भरून काढण्यासाठी दुसऱ्या देशांतून नेत्रतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ स्वयंसेवक म्हणून जातात. आठवडा-दोन आठवड्यांच्या या मोहिमांना आता चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे.

बाहुलीच्या मागे असलेले नैसर्गिक भिंग वयाबरोबर गढूळ होत जाते, हाच मोतीबिंदू. जिथे सोय आहे तिथे वाचताना अक्षर पुसट दिसू लागले की माणूस डॉक्टरकडे जातो. जिथे सोय नाही तिथे मोतीबिंदू पूर्ण पिकतो. भिंग दुधासारखे पांढरे होते किंवा गडद तपकिरी होऊन दगडासारखे टणक बनते. मुंबईच्या किंवा बोस्टनच्या रुग्णालयात असा डोळा क्वचित येतो; इथिओपियाच्या टिग्राय प्रांतातल्या शिबिरात सकाळच्या रांगेत असे डोळे एकामागून एक दिसतात. मोहिमेवर जाणाऱ्या शल्यविशारदाची पहिली अडचण इथेच सुरू होते.

मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. सुई घालून गढूळ भिंग डोळ्याच्या आत मागे ढकलण्याची जुनी रीत पुढे अनेक देशांत चालली आणि पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत फिरते वैदू आजही ती वापरतात. प्रकाश आत शिरतो म्हणून रुग्णाला क्षणभर दिसल्यासारखे वाटते. नंतर जंतुसंसर्गाने किंवा डोळ्यातील दाब वाढून पुष्कळदा डोळाच जातो. मोहिमेवरील डॉक्टरांपुढे असे बिघडलेले डोळेही येतात. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत १७४७ मध्ये फ्रान्समधील जाक दाव्हिएल यांनी सुरू केली. काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याचे काम मात्र त्यानंतर दोनशे वर्षांनी लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी केले. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लास्टिकचे, कण घुसले होते आणि डोळ्यांनी ते निमूटपणे सहन केले होते. हे पाहून रिडली यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवले आणि १९४९ मध्ये ते रुग्णाच्या डोळ्यात घातले.

गरीब देशांपर्यंत हे भिंग पोचायला आणखी चार दशके लागली. तोपर्यंत शिबिरांत भिंग काढून टाकत आणि रुग्णाला जाड काचांचा चष्मा देत. भारतातील सत्तर-ऐंशीच्या दशकांतील शिबिरांतून घरी परतलेली, बाटलीच्या बुडासारख्या काचा लावलेली आजी-आजोबा मंडळी अनेकांना आठवत असतील. त्या चष्म्यातून बाजूचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा होई. डोळ्यात बसवायच्या परदेशी भिंगाची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास होती. एवढ्या पैशांत एका रुग्णाऐवजी अनेकांना चष्मे देता येत, म्हणून गरिबांसाठी चष्माच पुरे, असे अनेक जाणते लोकही मानत होते.

हा हिशेब दोन ठिकाणी मोडला गेला. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनिशी अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले होते. त्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना काढला आणि किंमत दहा डॉलरच्या आत आणली. दुसरे ठिकाण काठमांडू. तिथले डॉ. सांडुक रुइत हे पूर्व नेपाळमधील ओलांगचुंग गोला या तिबेटच्या सीमेजवळच्या गावचे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लखनौत आणि नेत्रशल्याचे शिक्षण दिल्लीच्या एम्समध्ये झाले. १९८५ मध्ये त्यांची गाठ ऑस्ट्रेलियात काम करणारे नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्याशी पडली. हॉलोज यांनी ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या खुपऱ्यांवर मोठे काम केले होते. श्रीमंत माणसाच्या डोळ्यात जे भिंग बसते तेच गरिबाच्या डोळ्यात बसले पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. हॉलोज १९९३ मध्ये कर्करोगाने वारले. त्यानंतर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने एरिट्रियात अस्मारा येथे आणि काठमांडूत तिलगंगा येथे भिंगांचे कारखाने उभे राहिले. तिलगंगा नेत्रकेंद्र १९९४ मध्ये सुरू झाले. रुइत यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २०१८ मध्ये भारत सरकारची पद्मश्री मिळाली.

भिंग स्वस्त झाले, पण ते बसवण्याची पद्धतही परवडणारी हवी होती. श्रीमंत देशांत ‘फेको’ ही पद्धत रूढ झाली होती. तिच्यात ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतात आणि अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडीचे भिंग आत सरकवतात. यासाठी महागडे यंत्र, अखंड वीज आणि दर वेळी नवे सुटे भाग लागतात. शिवाय दगडासारखे टणक भिंग फोडायला ध्वनिलहरींचा मारा जास्त करावा लागतो आणि त्याने बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या आतल्या नाजूक पेशी मरू शकतात. शिबिरांसाठी नेपाळ आणि भारतात विकसित झालेली पद्धत ‘छोट्या छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते. हिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा कोरतात. बोगद्याचे आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद असते. भिंगाचे आवरण उघडून टणक गाभा पुढे आणतात आणि पाण्याच्या धारेने अलगद बाहेर काढतात. उरलेला मऊ भाग नळीने शोषून त्याच आवरणात नवे भिंग ठेवतात. काम संपले की डोळ्यातला दाबच बोगद्याची आतली झडप मिटवतो, त्यामुळे टाका घालावा लागत नाही. सूक्ष्मदर्शक, पाते, नळी आणि निर्जंतुक द्रव एवढ्यावर काम भागते. वीज गेली तरी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बॅटरीवर चालवून हातातली शस्त्रक्रिया पुरी करता येते.

स्वस्त म्हणजे दुय्यम, ही शंका या पद्धतीबद्दल सतत घेतली गेली. तिचे उत्तर देण्यात पुण्याचाही वाटा आहे. एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांची सोडत पद्धतीने विभागणी करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांनंतर योग्य चष्मा लावल्यावर दोन्ही गटांतील सुमारे ९८ टक्के रुग्णांना चांगले दिसत होते. बिनचष्म्याने मात्र फेकोच्या गटात ८१ टक्के आणि छोट्या छेदाच्या गटात ७१ टक्के रुग्ण त्या पातळीला पोचले. दोन वर्षांनी नेपाळमधील तशाच अभ्यासातही सहा महिन्यांनंतरचे निकाल जवळजवळ सारखे आले आणि छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेला सरासरी नऊ मिनिटे, तर फेकोला पंधराच्या वर मिनिटे लागली. पुण्याच्या आकड्यांतला फरक मोहिमेच्या आखणीत विसरून चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने डोळे तपासून चष्मा देण्याची व्यवस्था नसेल, तर हातून निघालेल्या चांगल्या कामाचा पावाहून अधिक हिस्सा वाया जातो.

स्वयंसेवक ज्या मोहिमांवर जातात त्यांची रूपे वेगवेगळी आहेत. सर्वांत डोळ्यांत भरणारे रूप म्हणजे ऑर्बिस या संस्थेचे उडते नेत्ररुग्णालय. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ डेव्हिड पेटन यांच्या कल्पनेतून निघालेले हे विमान १९८२ मध्ये पहिल्या मोहिमेला पनामाला गेले. तेव्हाचे विमान युनायटेड एअरलाइन्सने दिलेले डीसी-८ होते. आताचे, २०१६ पासून वापरात असलेले आणि फेडेक्सने दिलेले एमडी-१० हे संस्थेचे तिसरे विमान आहे आणि ते चालवणारे वैमानिकही स्वयंसेवक असतात. विमानात शस्त्रक्रियागृह, लेझरची खोली, रुग्णांना शुद्धीवर येईपर्यंत ठेवण्याची खोली आणि ४६ आसनांचा वर्ग आहे. आत चाललेली शस्त्रक्रिया वर्गातील स्थानिक डॉक्टर पडद्यावर पाहतात आणि शल्यविशारदाला थेट प्रश्न विचारतात. भर शिकवण्यावर असल्यामुळे विमानात होणाऱ्या शस्त्रक्रिया मोजक्याच असतात. रुग्ण निवडताना त्याच्या डोळ्यातून स्थानिक डॉक्टरांना काय शिकता येईल हेही पाहिले जाते. मर्सी शिप्स ही १९७८ मध्ये स्थापन झालेली संस्था जहाजावर रुग्णालय चालवते आणि आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने मुक्काम करते. जहाजावरचे स्वयंसेवक आपला प्रवासखर्च आणि राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः भरतात, शल्यविशारदापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळेच.

तिसरे रूप रुइत आणि अमेरिकी नेत्रतज्ज्ञ जेफ्री टेबिन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या हिमालयन कॅटरॅक्ट प्रोजेक्टचे. टेबिन एव्हरेस्ट चढलेले गिर्यारोहक होते आणि शस्त्रक्रियेची ही पद्धत ते नेपाळमध्ये रुइत यांच्याकडे शिकले. विद्येचा प्रवाह इथे काठमांडूहून अमेरिकेकडे आणि तिथून इथिओपिया-घानाकडे वाहिला. स्वयंसेवेच्या कहाण्या श्रीमंत देशाचा डॉक्टर गरीब देशात ज्ञान घेऊन जातो अशा सांगितल्या जातात. या क्षेत्रापुरती ती मांडणी अपुरी आहे. पाश्चात्त्य देशांतील तरुण नेत्रतज्ज्ञांनी शिक्षणकाळात बहुधा फेकोच केलेली असते. पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूवर बिनटाक्याची शस्त्रक्रिया करायची, तर त्यांना मदुराई, पुणे किंवा काठमांडू अशा ठिकाणी शिकूनच पुढे जावे लागते. न शिकता गेलेला निष्णात डॉक्टर शिबिरात नवशिका ठरतो आणि त्याच्या सरावाची किंमत रुग्णाच्या डोळ्याने चुकवली जाते.

मोहिमेची तयारी काही महिने आधी सुरू होते. यजमान देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी, तिथल्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, औषधांच्या आयातीचे परवाने आणि जबाबदार स्थानिक रुग्णालय यांची आधी निश्चिती व्हावी लागते. सामानात निरनिराळ्या क्रमांकांची भिंगे, दोन-तीन सूक्ष्मदर्शक, हत्यारांचे अनेक संच, ती उकडून निर्जंतुक करणारी भांडी आणि विजेसाठी जनित्र असते. भिंगांच्या क्रमांकाकडे पूर्वी दुर्लक्ष होई. सर्वांना एकच सरासरी क्रमांक बसवत. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून प्रत्येकाचा क्रमांक काढण्याची पद्धत शिबिरांत आल्यापासून निकाल सुधारले. ही मोजणी करणारा तंत्रज्ञ चुकला तर शल्यविशारदाचे कौशल्य कामी येत नाही.

पहिला दिवस तपासणीचा असतो आणि तो सर्वांत अवघड असतो. रेडिओवरून, चर्च-मशिदींतून, आरोग्य सेविकांकडून बातमी गेलेली असते. नेपाळच्या डोंगरांत म्हाताऱ्या रुग्णांना डोक्याच्या पट्ट्याने तोललेल्या डोको नावाच्या बांबूच्या टोपलीत बसवून पाठीवर आणतात. आलेल्यांपैकी अनेकांना मोतीबिंदू नसतोच. कुणाला काचबिंदू असतो, कुणाच्या डोळ्यात फूल पडलेले असते. डोळ्यावर विजेरीचा झोत टाकूनही रुग्णाला उजेड कळत नसेल, तर आतला पडदा किंवा त्यामागची नस गेलेली असते आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. तीन दिवस चालून आलेल्या माणसाला हे त्याच्या भाषेत, बसवून, नीट सांगणे हे दुभाष्या स्वयंसेवकाचे काम असते. त्याला तेवढा वेळ मिळालाच पाहिजे. निवडीत दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्यांचा क्रम पहिला लागतो आणि एका वेळी एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया होते. रक्तदाब, साखर आणि अश्रूंच्या पिशवीतला पू यांची तपासणी त्याच दिवशी उरकतात. पिशवीत पू असताना डोळा उघडणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे होय.

जगातील दृष्टिहीनांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. त्या जास्त जगतात हे एक कारण. घरात पैसा आणि सोबत आधी पुरुषाला मिळते हे दुसरे. म्हणून चांगल्या मोहिमा गावोगाव जाऊन शोध घेतात आणि वाहनाने आणण्या-नेण्याची सोय करतात. नुसती शिबिराची दवंडी पिटून बायका येत नाहीत.

पुढचे दिवस शस्त्रक्रियांचे. भूल देणारा डोळ्याच्या बाजूला सुई टोचून डोळा बधिर करतो, पापण्यांची आणि डोळ्याची पोविडोन आयोडीनने सफाई होते. शल्यविशारद दोन टेबलांमध्ये बसतो: एकावर काम चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण परिचारिका तयार ठेवतात आणि काम संपताच सूक्ष्मदर्शक तिकडे वळवला जातो. ही घडी अरविंद रुग्णालयाने बसवली. तिचा खरा आधार म्हणजे खेड्यांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या तरुण साहाय्यक स्त्रिया. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडण्याचा परिणामही त्याच संस्थेने सहा लाखांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींतून मांडला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंतुसंसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलेले दिसते. शाळेच्या वर्गांत किंवा तंबूंत शस्त्रक्रिया करण्याचे दिवस भारतात मागे पडले ते संसर्गाच्या भीतीमुळेच. आता गावात तपासणी आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया अशी रीत आहे. परदेशी मोहिमांनाही हाच नियम लागू व्हायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सुटतात. छायाचित्रे काढली जातात ती या वेळी. वैद्यकीय दृष्ट्या मात्र तेव्हा काम अर्धेच झालेले असते. दाब वाढला का, जखम मिटली का, आत पू धरतो आहे का हे पाहून चार-सहा आठवड्यांचे थेंब द्यायचे असतात. पुवाची लक्षणे पुष्कळदा तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर पाहुणे विमानतळावर पोचलेले असतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचे आवरण धुरकट होते आणि लेझरने त्यात झरोका पाडावा लागतो. रुग्णाला त्याचा मोतीबिंदू परत आला असे वाटते. ही सगळी पुढची कामे करणारा स्थानिक डॉक्टर पहिल्या दिवसापासून टेबलाशी नसेल, तर मोहीम सुरूच करू नये, असे म्हणण्याइतका अनुभव आता जमा आहे. मुलांच्या मोतीबिंदूबाबत तर हे अधिकच खरे. त्यांना पूर्ण भूल लागते आणि शस्त्रक्रियेनंतर मेंदूला पाहायला शिकवण्यासाठी काही वर्षे चष्मा, पट्टी आणि तपासण्या चालतात.

फुकट शिबिरांचे एक नुकसान सहसा बोलले जात नाही. जिल्ह्याच्या गावी अल्प शुल्कात शस्त्रक्रिया करणारा एखादा नेत्रतज्ज्ञ असतो. परदेशी पथक येणार अशी बातमी लागली की त्याचे रुग्ण थांबून राहतात, आणि दर वर्षी असे झाले तर तो शहर गाठतो. देणगीत आलेल्या यंत्रांचेही असेच. सुटे भाग आणि दुरुस्ती येणारा माणूस नसल्याने ती कोपऱ्यात धूळ खातात. यामुळेच यंत्रे दुरुस्त करायला शिकवणारा अभियंता, निर्जंतुकीकरणाची शिस्त लावणारी परिचारिका आणि नोंदवह्या बसवून देणारा कारकून या स्वयंसेवकांचे मोल शल्यविशारदापेक्षा कमी नसते.

नेपाळमध्ये १९८१ च्या पाहणीत लोकसंख्येचे ०.८४ टक्के लोक अंध आढळले होते. २०१० च्या पाहणीत हे प्रमाण ०.३५ टक्के निघाले. मधल्या काळात बाहेरच्या संस्थांचा पैसा आणि माणसे आली, पण त्यातून लुंबिनी, तिलगंगा यांसारखी रुग्णालये उभी राहिली, नेपाळी डॉक्टर आणि नेत्रसहायक तयार झाले आणि तिलगंगाची पथके पुढे स्वतःच दुसऱ्या देशांत शिबिरांना जाऊ लागली. जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये परिणामकारक मोतीबिंदू शस्त्रक्रियेची व्याप्ती २०३० पर्यंत ३० टक्के-बिंदूंनी वाढवण्याचे उद्दिष्ट ठरवले. यात शस्त्रक्रिया किती झाल्या यासोबत त्यानंतर रुग्णाला किती दिसते हेही मोजायचे आहे.

करोनाच्या साथीत विमाने जमिनीवर आली तेव्हा शिकवण्याचे बरेच काम दूरस्थ झाले. ऑर्बिसचा २००३ पासून चालू असलेला सायबरसाइट हा दूरशिक्षणाचा उपक्रम अशा वेळी कामी आला. कृत्रिम डोळ्यांवर आणि संगणकावर सराव करून घेण्याच्या सोयीही वाढल्या. आता अनेक मोहिमांत स्वयंसेवक निघण्यापूर्वी काही आठवडे यजमान डॉक्टरांशी पडद्यावर रुग्णांची चर्चा करतो, परतल्यावर त्यांच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती पाहून सूचना देतो, आणि मधला आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून त्यांचे हात काम करताना पाहतो.